फायनान्स एकच, रांगा दोन : बीएमएसच्या सीईटीमागचा इतिहास

बारावीनंतर मुंबईत फायनान्स शिकायचं तर आज दोन रांगा आहेत. एक सीईटीची, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेची, दुसरी बारावीच्या मार्कांची. पहिल्या रांगेच्या टोकाला बीएमएस किंवा बीबीए या व्यवस्थापनाच्या पदव्या, दुसरीच्या टोकाला बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज), बॅफ (अकाउंटिंग अँड फायनान्स), बीएफएम (वित्तीय बाजार) वगैरे मंडळी. पेपर मात्र बरेचसे सारखे, आणि कित्येकदा शिकवणारे सरही तेच. ही फाटाफूट २०२४ सालची आहे, पण तिची तयारी त्याआधी पंचवीस वर्षं चालू होती.

त्याही आधीचं थोडक्यात. मुंबईत १९१३ साली कॉमर्सचं कॉलेज निघालं, आशियातलं पहिलं. तिथून पुढे शतक संपेपर्यंत कॉमर्स म्हणजे बी.कॉम., आणि फायनान्स म्हणजे त्यातला एखाददुसरा पेपर. भर सगळा हिशेबावर. शेअर जप्त करून पुन्हा विकल्याच्या जर्नल एंट्री पोरं झोपेतही सांगायची, पण तोच शेअर बाजारात आहे त्या भावाला महाग की स्वस्त, हा प्रश्न परीक्षेत क्वचितच यायचा. ज्याला पुढे जायचं असेल तो सीएच्या वाटेला लागे. सकाळी सातचं कॉलेज आणि त्यानंतर दिवसभर आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या कचेरीतली उमेदवारी, हा मुंबईच्या कॉमर्सचा वर्षानुवर्षांचा दिनक्रम.

१९९२ च्या शेअर घोटाळ्याने घराघरांत बाजाराची चर्चा नेली. त्याच वर्षी बाजाराच्या नियामकाला, सेबीला, कायद्याचं बळ मिळालं, १९९६ पासून शेअरचे कागद जाऊन डिमॅटच्या संगणकी नोंदी येऊ लागल्या आणि जून २००० मध्ये निर्देशांकाचे फ्युचर्स, म्हणजे वायदे, सुरू झाले. फोर्टातल्या आणि पुढे बीकेसीतल्या कचेऱ्यांना कारकून नको होते. ताळेबंद वाचून त्यावर चार ओळींचं मत देणारी मुलं हवी होती. एमबीए झालेली महाग पडत. १९९९ च्या सुमारास मुंबईच्या विद्यापीठाने बीएमएस आणलं ते या हवेत. मागोमाग २००३ च्या आसपास अकाउंटिंग अँड फायनान्सचं बॅफ आणि बँकिंग अँड इन्शुरन्सचं बीबीआय आलं, आणि काही वर्षांनी फक्त वित्तीय बाजारांसाठी बीएफएम.

बीएमएसची घडण या सगळ्यांहून निराळी होती, आणि पुढचं भांडण समजायला ती ध्यानात ठेवावी लागते. शंभर जागांतल्या ४५ कॉमर्सच्या, २५ आर्ट्सच्या, २५ सायन्सच्या आणि ५ डिप्लोमावाल्यांच्या. म्हणजे डेबिट-क्रेडिट कधी न पाहिलेला मुलगा आणि अकरावीपासून ते घोटलेली मुलगी एकाच बाकावर. दुसऱ्या वर्षी फायनान्स, मार्केटिंग की एचआर हे ठरायचं. फायनान्सवाल्यांच्या वाट्याला टीवायला (तिसऱ्या वर्षी) इन्व्हेस्टमेंट ॲनालिसिस, कमोडिटी-डेरिव्हेटिव्हज, वेल्थ मॅनेजमेंट, डायरेक्ट टॅक्स असे पेपर येत आणि शेवटच्या सत्राला शंभर मार्कांचं ब्लॅकबुक, म्हणजे बांधून द्यायचा प्रकल्प अहवाल. काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीवर सोनेरी अक्षरं छापून देणारी दुकानं कॉलेजांच्या आसपास याच धंद्यावर जगली. आत काय असे? ‘म्युच्युअल फंडाबाबत गुंतवणूकदारांची जागरूकता’, आणि मित्र-नातेवाइकांकडून भरून घेतलेले पन्नास-शंभर फॉर्म. सगळीच ब्लॅकबुकं अशी नव्हती, पण तपासणाऱ्यांना विषय वाचूनच पुढचं कळायचं, हेही खोटं नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. हे सगळे अभ्यासक्रम विनाअनुदानित. शेजारच्या वर्गातल्या अनुदानित बी.कॉम.च्या कितीतरी पट फी, शिक्षक बहुधा तासिका तत्त्वावर किंवा कंत्राटी, आणि उरलेल्या पैशावर कॉलेजचा बाकीचा गाडा. त्यामुळे बीएमएसच्या जागा रिकाम्या राहणं हा व्यवस्थापनांच्या दृष्टीने केवळ शैक्षणिक प्रश्न कधीच नव्हता.

आता २०२४ कडे. व्यवस्थापन शिक्षण हा तंत्रशिक्षणाचा भाग आहे, हे केंद्रीय कायद्यात १९८७ पासून लिहिलेलं आहे. तरी इतकी वर्षं केंद्रीय नियामकाने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई), हात घातला तो एमबीए आणि तत्सम पदव्युत्तर अभ्यासक्रमांनाच. पदवीचा कारभार विद्यापीठांकडे राहिला. डिसेंबर २०२३ मध्ये नवी मान्यता-नियमावली आली आणि तिने बीबीए, बीएमएस आणि कॉम्प्युटरचं बीसीए हे तिन्ही आपल्या छत्राखाली घेतले. राज्याने त्यावर पुढचं पाऊल टाकलं. मान्यता केंद्राची, म्हणजे अभ्यासक्रम व्यावसायिक; व्यावसायिक, म्हणजे सीईटी आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. इंजिनीअरिंगला जे लागू तेच इथेही.

तत्त्व म्हणून यात वावगं काही नाही. घात केला तो वेळापत्रकाने. सीईटीचे अर्ज मार्च-एप्रिलमध्ये भरून घेतले, बारावीचा निकाल लागला २१ मे रोजी आणि परीक्षा झाली २९ मे रोजी. आता बीएमएसला जाणारं पोर ठरवतं कधी? निकालानंतर. सीए फाउंडेशन जमेल का, बॅफची यादी कुठे थांबते, घरून किती फी झेपेल, हे पाहून. २०२४ मध्ये ते ठरवायला बसलं तेव्हा अर्जाची खिडकी बंद होऊन महिना उलटला होता. तालुक्याच्या गावी तर अशी परीक्षा आहे हेच अनेकांना उशिरा कळलं. राज्यात जागा लाखाच्या वर आणि परीक्षेला बसलेले त्याच्या निम्म्याहूनही कमी. मग ४ ऑगस्टला ज्यादा सीईटी घ्यावी लागली. तोवर बी.कॉम.चे वर्ग भरून तासही सुरू झाले होते.

परीक्षेचं स्वरूप पाहिलं तर प्रश्न आणखी वाढतात. इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्य ज्ञान आणि कॉम्प्युटरची तोंडओळख. लेखाकर्माचं काही नाही. आर्ट्स-सायन्सच्या मुलांसाठी दार उघडं ठेवायचं तर ते बरोबरच. पण सर्वांत जास्त वजन इंग्रजीला दिल्यावर मराठी माध्यमातून आलेल्या, हिशेबात पक्क्या असलेल्या मुलीचं काय, याचं उत्तर कोणी दिलं नाही.

कॉलेजांनी मात्र आपलं उत्तर शोधलं. नियम लागू होतो तो पदवीच्या नावाला. नाव बदललं की नियम सुटला. त्या उन्हाळ्यात मुंबईतल्या कितीतरी कॉलेजांत बीएमएसचं बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) झालं. विद्यापीठानेही वाट मोकळी करून दिली. हे चोरून झालं नाही, पण अभिमानाने सांगण्यासारखंही नव्हतं. ज्या पदवीला पंचवीस वर्षं ‘बी.कॉम.पेक्षा वेगळी’ म्हणून जास्त फी लावली, तीच एका बैठकीत बी.कॉम. ठरली. फी मात्र बी.कॉम.ची झाली नाही.

या नामांतराची एक किंमत होती, आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. जुलै २०२४ मध्ये राज्याने केंद्रीय प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला येणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी पूर्ण माफ केली, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. बी.कॉम.च्या नावाखाली गेलेले वर्ग त्या प्रक्रियेच्या बाहेर होते. सीईटी टळल्याचा आनंद मानणाऱ्या घरांपैकी किती जणांना हा हिशेब कॉलेजच्या काउंटरवर कोणी समजावून सांगितला असेल?

२०२५ मध्ये परीक्षा एप्रिलच्या अखेरीला, म्हणजे बारावीच्या निकालाआधीच झाली. ज्यांनी नाव बदललं त्यांना जुन्या नावाकडे परतण्याची घाई दिसत नाही. दरम्यान नव्या शैक्षणिक धोरणाचे मेजर-मायनर (मुख्य आणि जोडविषय) आणि चौथं ऑनर्सचं वर्ष आल्यामुळे साध्या बी.कॉम.लाही फायनान्सचे पेपर जोडून घेण्याची सोय झाली आहे. २०२४ ला दोन रांगांतून आत गेलेली पहिली तुकडी तीन वर्षं धरली तर २०२७ मध्ये बाहेर पडेल, आणि एकाच बँकेच्या एकाच मुलाखतीला दोन वेगवेगळ्या नावांच्या पदव्या घेऊन बसेल.