रिकाम्या स्क्रीनआधी विस्कटलेल्या ओळी

‘एकेक आकडा वाचत जा. ९९९९९ आला की थांबा आणि त्याआधीच्या आकड्यांची सरासरी सांगा.’ १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एलियट सोलोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना पास्कल या संगणकाच्या भाषेत हा प्रोग्राम लिहायला दिला. सरासरी सगळ्यांनाच येत होती. तरीही नवशिक्यांपैकी बहुतेकांचे प्रोग्राम चुकले.

अशा वेळी ‘पोरांचं लॉजिक कच्चं आहे’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. समोर रिकामी स्क्रीन असते आणि बेरीज, मोजणी, थांबण्याची अट, शून्याने भागाकार होऊ न देणं, शिवाय नव्या भाषेतले अर्धविराम, हे सगळं एकाच वेळी सांभाळायचं असतं. माणसाच्या डोक्यात एका वेळी मोजक्याच नव्या गोष्टी मावतात. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये दाखवलं, की उत्तर शोधण्याच्या धडपडीतच ही जागा भरून गेली, तर शिकायला काही उरत नाही. गणित सुटतं, पण रीत मनात बसत नाही.

मग स्वाध्यायच वेगळा द्यावा. न्यूझीलंडमध्ये डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये असाच एक प्रकार मांडला. प्रोग्रामच्या सगळ्या ओळी तयार द्यायच्या, पण विस्कटून; मुलांनी फक्त क्रम लावायचा. भाषेच्या पेपरात ‘वाक्ये योग्य क्रमाने लावा’ असायचं, तसंच. चकवा म्हणून एखादी चुकीची ओळही घालता येते.

हे सोपं वाटतं, पण पोरखेळ नाही. संशोधक बार्बरा एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तुलना केली, तेव्हा ओळी लावणाऱ्यांना कोड, म्हणजे प्रोग्रामच्या ओळी, स्वतः लिहिणाऱ्यांपेक्षा कमी वेळ लागला आणि शिकण्यात ते मागे पडले नाहीत. पुढे कोड स्वतः लिहायचा आहेच. तयार कोड नुसता उतरवून काढण्याने मात्र हे साधेलच असं नाही.

सरासरीचाच प्रश्न घ्या. पहिला आकडा लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, आधीच वाचलेला आहे. आता लूपमधल्या दोन ओळी हातात आहेत: ‘आकडा बेरजेत मिळव’ आणि ‘पुढचा आकडा वाच’. वाचण्याची ओळ आधी लावली, तर पहिला आकडा हरवतो आणि शेवटी थांबण्याची खूण असलेला ९९९९९ बेरजेत शिरतो. मुलाने त्या दोन ओळींची अदलाबदल करून पाहिली, की लूप कसा फिरतो ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं.