लघुअश्व : घरगुती सोबती

लघुअश्व म्हणजे खांद्याशी सुमारे ८६ सेंमी. (३४ इंच) किंवा त्याहून कमी उंचीचा घोडा वा तट्टू. त्याला मिनिएचर पोनी किंवा नुसते मिनी असेही म्हणतात. वजन बहुधा ७० ते ११५ किग्रॅ. भरते. हल्ली तो मुख्यतः सोबतीसाठी, छंदासाठी आणि हलकी गाडी ओढण्यासाठी पाळतात. घोड्याची उंची मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांमधल्या उंचवट्यावर मोजण्याचा प्रघात आहे. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशन (स्थापना १९७८) मात्र आयाळीच्या शेवटच्या केसापाशी माप घेते, त्यामुळे एकाच जनावराच्या दोन उंची निघू शकतात. मिनीला पोनी म्हणावे की छोटा घोडा, हा वाद नोंदणीपुस्तकांपुरता खरा आहे. पाळणाऱ्याला दोन्हींचे पोट, खूर आणि स्वभाव सारखेच सांभाळावे लागतात.

आजच्या मिनींच्या वंशावळीत स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या पोनींचा वाटा मोठा आहे. वारा, पाऊस आणि खुरटे गवत यांवर ही जात तगली. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने स्त्रिया, मुली आणि १० वर्षांखालील मुलगे यांना खाणीत उतरवण्यास बंदी झाली, तेव्हा अरुंद बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या ओढायला या पोनींना मागणी आली आणि बुटक्या, रुंद छातीच्या नरांची निवड होऊ लागली. अर्जेंटिनात फालाबेला कुटुंबाने एकोणिसाव्या शतकातल्या स्थानिक बुटक्या घोड्यांपासून स्वतंत्र वंश घडवला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उंची अशी पिढ्यान्पिढ्या कमी करत आणली, पण आतला घोडा तेवढाच राहिला. थोडक्या चाऱ्यातून भरपूर ऊर्जा काढण्याची बेटावरची सवयही राहिली. मिनी पाळणाऱ्यांच्या बहुतेक अडचणी या दोन गोष्टींतून निघतात.

निवडीचा विचार पुष्कळदा उलट्या टोकाने सुरू होतो: मुलाला घोडा हवा, मोठा घोडा परवडत नाही, मग छोटा आणू. खरे तर पहिला प्रश्न जागेचा आणि दुसरा जोडीचा. एका जनावरामागे साधारण अर्धा एकर मोकळी जागा, पाऊस-उन्हापासून आडोसा, कोरडी जमीन आणि डोके किंवा पाय अडकणार नाही असे कुंपण लागते. काटेरी तार नको. मोठ्या घोड्यांसाठी घातलेल्या कुंपणाच्या खालच्या आडव्या दांड्याखालून मिनी सहज सरपटून बाहेर पडते आणि मोकाट कुत्री त्याच फटीतून आत येतात. या उंचीच्या जनावराला कुत्र्यांपासून खरोखर धोका असतो. निवासी वस्तीत खूर असलेली जनावरे ठेवायला परवानगी आहे का, हेही आधी पाहावे. रोज चार-पाच किलो लीद पडते आणि ती कुठे न्यायची हे पहिल्याच आठवड्यात ठरवावे लागते. दिवाणखान्यात लोळणाऱ्या मिनीची छायाचित्रे लोकप्रिय आहेत. पण गुळगुळीत फरशीवर खूर घसरतात, आणि दिवसातले बरेच तास चरत हिंडणाऱ्या प्राण्याला चार भिंतींत करण्यासारखे काहीच नसते.

जोडीचा प्रश्न टाळता येत नाही. घोडा कळपात जगतो. एकटा ठेवलेला मिनी कुंपणालगत एकसारखा येरझाऱ्या घालतो, खिंकाळत राहतो, लाकूड कुरतडतो. शेळी किंवा गाढव चालून जाते असे सांगितले जाते आणि काही वेळा ते जमतेही. तरी मान एकमेकांच्या पाठीवर टाकून दातांनी खाजवून घेणे, एकाने आडवे झोपावे आणि दुसऱ्याने उभ्याने राखण करावी, हे घोड्याला घोड्याबरोबरच साधते. घोडे उभ्याने डुलकी काढतात, पण गाढ झोपेसाठी त्यांना आडवे व्हावे लागते, आणि सुरक्षित वाटल्याशिवाय ते आडवे होत नाहीत. तेव्हा एक मिनी परवडतो का, असा हिशेब करण्यात अर्थ नाही. हिशेब दोघांचाच करावा.

खरे घोडे पेंड खाते ते खाण्यापाशी. मिनीला पोटभर हिरवे गवत आणि वर चंदी देणे म्हणजे त्याला लाडाने आजारी पाडणे होय. कोरडा चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के पुरतो, १०० किग्रॅ.च्या जनावराला दीड ते दोन किलो. हा अंदाज डोळ्यांनी करू नये, तराजू वापरावा. बहुतेक मिनींना धान्याची गरजच नसते, क्षार-जीवनसत्त्वांचा थोडासा पूरक भाग पुरतो. थंडीत अंगावर दाट लव येते आणि तिच्याखाली जनावर सुटले आहे की खंगले आहे, काहीच कळत नाही. म्हणून दर आठवड्याला बोटे सपाट ठेवून बरगड्यांवरून हात फिरवायचा. हलक्या दाबाने बरगड्या मोजता आल्या तर ठीक. बोटे मऊ थरात रुतली, मानेचा वरचा काठ फुगून कडक झाला, तर चारा लगेच आवरायला हवा. चरताना तोंडाला मुसके बांधणे, बारीक जाळीच्या पिशवीतून चारा देणे, चारा पाण्यात भिजवून त्यातली साखर काढणे, हे उपाय कामी येतात.

लठ्ठपणातून लॅमिनायटिस होतो. खुराच्या आतले हाड भिंतीला धरून ठेवणारे पापुद्रे सुजतात, आणि सूज वाढली तर हाड जागचे सरकते. सकाळी मिनी पुढचे पाय पुढे टाकून, अंगाचा भार मागे घेऊन उभा असेल, वळताना अवघडल्यासारखा करत असेल, खूर हाताला गरम लागत असतील, तर दुपारची वाट पाहू नये. उलट टोकही तितकेच घातक आहे. लठ्ठ मिनीला घाबरून उपाशी ठेवले किंवा आजारपणात त्याने स्वतःच खाणे सोडले, तर साठलेली चरबी भराभर रक्तात उतरते आणि यकृत निकामी होऊ शकते. या विकाराला हायपरलिपिमिया म्हणतात आणि तो बुटक्या जातींत विशेष आढळतो. म्हणून वजन हळूहळू उतरवायचे, आणि सकाळचा चारा तसाच पडलेला दिसला तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवायचे. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले चुकीचे अन्न पुढेच सरकते आणि पोटशूळ उठतो. हिरवळ कापल्यावर निघालेला गवताचा ढीग प्रेमाने पुढ्यात टाकणारे शेजारी यातले मोठे संकट असतात. कण्हेरीची थोडी पानेही जिवावर बेततात.

खुरांना नाल सहसा लागत नाही, पण दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून ते छाटून घ्यावे लागतात. नालबंद मिळण्याजोगा आहे का, याची चौकशी जनावर आणण्याआधी करावी. गुडघ्याएवढ्या घोड्यापाशी वाकून काम करायला ते फारसे खूश नसतात आणि त्यांच्या कमरेकडे पाहता त्यांचे बरोबरच आहे. लहान जबड्यात दातांची दाटी होते, म्हणून वर्षातून एकदा दात तपासणे, धनुर्वाताची लस, शेणतपासणी करून जंताचे औषध आणि नेमाने खरारा इतके चालू ठेवावे लागते.

मुलांच्या बाबतीत अपेक्षा आधीच स्पष्ट असाव्यात. घोड्याने त्याच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांपेक्षा अधिक भार पाठीवर घेऊ नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. ९० किग्रॅ.च्या मिनीवर म्हणजे १५ किग्रॅ.चे मूल, तेही खोगीर धरून, आणि असे मूल एखाद्या वर्षातच त्या मापाबाहेर जाते. चाकांवरचा भार मात्र तो आरामात ओढतो, त्यामुळे रीतसर शिकवलेला मिनी गाडीला जुंपला तर मोठ्या माणसालाही घेऊन जातो. म्होरकी धरून चालवणे, छोट्या अडथळ्यांवरून उड्या मारायला शिकवणे यांत मुलांचा वेळ चांगला जातो. हातातून खाऊ देण्याची सवय मात्र लावू नये. आठवडाभरात तो खिसे हुंगू लागतो, महिन्याभरात चावा घेतो. मागून गुपचूप जाणाऱ्याला तो लाथ मारतो, कारण नेमके पाठीमागचे त्याला दिसत नाही; आणि मोठ्यांच्या मांडीवर बसणारी ती लाथ लहान मुलाच्या छातीवर बसते. ‘अडेलतट्टू’ हा शब्द मराठीला उगाच सुचलेला नाही. लहानपणी गंमत म्हणून ज्याचे सगळे चालवून घेतले, तो मिनी मोठेपणी जागचा हलत नाही.

पहिल्यांदाच पाळणाऱ्याने शिंगरू घेऊ नये. मूल आणि शिंगरू एकत्र वाढतील ही कल्पना गोड आहे, पण त्यात दोघेही अडाणी असतात. आठ ते पंधरा वर्षांचा, माणसांत वावरलेला खच्ची केलेला नर किंवा शांत मादी बरी. खच्ची न केलेला नर घरगुती पाळणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. बघायला जाताना तो म्होरकी घालू देतो का ते पाहावे, चारही पाय उचलून पाहावेत, घट्ट जमिनीवर चालवून घ्यावा. वरचे-खालचे पुढचे दात जुळतात का आणि मागच्या पायाची वाटी सरकते का, हे पशुवैद्याकडून तपासून घ्यावे. ‘जास्तच छोटा’ म्हणून चढ्या भावाने दाखवलेल्या जनावराबाबत सावध असावे. फुगीर कपाळ, आत दबलेले नाक, वाकडे पाय ही बहुधा खुजेपणाची लक्षणे असतात. मिनींमधला हा दोष कूर्चेतल्या अ‍ॅग्रेकन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तनांशी जोडलेला आहे आणि अशा जनावरांना सांध्यांचे व श्वासाचे त्रास होतात. आई-वडिलांची जनुकीय तपासणी करता येते; प्रजनन करणाऱ्याने ती केली आहे का, हे विचारावे.

मिनी पंचवीस ते पस्तीस वर्षे जगतो. दृष्टिहीनांच्या वाटाड्या जनावरांत कुत्र्याबरोबर त्याचा विचार होऊ लागला तो काही अंशी याच दीर्घायुष्यामुळे. अमेरिकेत २०११ पासून लागू असलेल्या नियमांत साहाय्यक प्राणी म्हणून त्याच्यासाठी वेगळी तरतूद आहे. घरात मात्र या आयुष्याचा अर्थ असा होतो, की ज्या मुलासाठी तो आणला ते शिकायला बाहेर पडते आणि लीद आई-वडील उचलत राहतात. पुढे जोडीतला एक आधी जातो. उरलेल्याला काही वेळ त्याच्याजवळ उभे राहू द्यावे, असे जाणकार सांगतात. मग शोधाशोध कमी होते. त्याच्यासाठी पुन्हा तरुण सोबती आणला तर पंचवीस वर्षांचा नवा फेरा सुरू होतो, म्हणून काही जण अशा वेळी एखादा म्हातारा मिनी तेवढ्यापुरता सांभाळायला मागून आणतात.