मेंढीच्या कातड्याचा कोट आणि रोमानियातली आडनावं

रोमानियात कोझोकारू हे आडनाव पावलोपावली भेटतं. कोझोक म्हणजे मेंढीच्या कातड्याचा कोट. लोकर आत, अंगाला लागून आणि कातडं बाहेर. कार्पेथियन डोंगरात मेंढ्यांमागे फिरणाऱ्या माणसाला बर्फाच्या दिवसांत हाच आधार असायचा. हा कोट शिवणारा तो कोझोकार आणि त्याच्या वंशजांचं आडनाव कोझोकारू.

या एका नावात इतिहासाचे तीन थर आहेत. ‘कोझोक’ हा शब्द स्लाव भाषांतून आला. त्याला जोडलेला ‘आर’ हा लॅटिनमधल्या ‘आरियुस’ या प्रत्ययाचा वारस. सम्राट ट्राजनने इ. स. १०६ मध्ये डाचिया जिंकून रोमन प्रांत केला. रोमानियन भाषेचं लॅटिन नातं तिथपर्यंत मागे जातं. शेवटचा ‘ऊ’ म्हणजे निश्चितता दाखवणारं उपपद. इंग्रजी (‘द’) किंवा फ्रेंचमध्ये ते नामाच्या आधी येतं, रोमानियनमध्ये मात्र नामाच्या शेपटाला चिकटतं. म्हणजे कोझोकारू हा कोणी एक कोट शिवणारा नव्हे; गावाला ठाऊक असलेला, ‘तो’ कोट शिवणारा. ओलारू (कुंभार), रोतारू (चाकं करणारा), फियेरारू (लोहार), मोरारू (पिठाची गिरणी चालवणारा) ही सगळी याच साच्यातली नावं. बाईचं आडनावही रोतारूच राहतं, त्याचं स्त्रीलिंगी रूप होत नाही. गायिका सोफिया रोतारू हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण.

या आडनावांकडे पाहताना मला सर्वांत जास्त विचारात पाडतं ते त्यांत नसलेलं नाव. कोट शिवणाऱ्याचं आडनाव इतकं पसरलं, मग सदरा शिवणाऱ्याचं का नाही? खांद्यावर भरतकाम केलेला ‘इये’ हा सुती किंवा लिननचा सदरा रोमानियाची ओळख आहे. २०२२ मध्ये युनेस्कोने ही कला रोमानिया आणि मोल्दोवा या दोन्ही देशांच्या नावे आपल्या वारशाच्या यादीत घेतली. तरीही ‘इये करणारा’ अशा अर्थाचं आडनाव तुम्हाला सहजी सापडणार नाही. मला याचं कारण सरळ दिसतं. सूत कातणं, विणणं, बेतणं, भरतकाम करणं हे सगळं घरोघरच्या बायका करत. जे काम प्रत्येक घरात होतं, त्यावरून कोणाला वेगळं ओळखता येत नाही. आणि आडनाव तर वेगळं ओळखण्यासाठीच पडतं.

कोझोकचं तसं नव्हतं. ओलं कातडं नुसतं वाळवलं तर लाकडासारखं कडक होतं आणि तसंच ठेवलं तर कुजतं. म्हणून आधी आतला मांसाचा थर खरवडून काढायचा, मग मीठ आणि कोंडा किंवा पीठ घातलेल्या पाण्यात ते भिजत ठेवायचं. कोंडा आंबतो, त्यातून सौम्य आम्लं तयार होतात आणि कातड्यातल्या कोलॅजेनचे धागे सैल होतात. आम्लामुळे कातडं फुगू नये, याची काळजी मीठ घेतं. पाण्यात कमी राहिलं तर कातडं मऊ होत नाही, जास्त राहिलं तर लोकर सुटते. पुढे ताणणं, घासणं, बेतणं आणि जाड सुईने शिवणं. ही विद्या घरटी असणं शक्य नव्हतं. गावात एखाद्याकडे असायची. ‘कोणाच्या कोझोकसाठी सुई असणे’ असा रोमानियनमध्ये वाक्प्रचारच आहे. अर्थ असा, की त्या माणसाला वठणीवर आणायचा उपाय आपल्याकडे आहे.

ओपिंका या कातडी पायताणाची गोष्ट या दोन टोकांच्या मधली. कातड्याचा एक तुकडा दुमडून दोरीने बांधायचा, इतकं साधं काम. ओपिंकारू हे आडनाव आहे, पण कोझोकारूपुढे ते विरळच. क्रोयतोरू, म्हणजे शिंपी, मात्र भरपूर.

आडनावांवरून नकाशाही वाचता येतो. कातड्याचे कपडे करणारा माणूस पूर्वेकडच्या मोल्दाविया आणि दक्षिणेकडच्या वालाकिया या प्रांतांत कोझोकारू किंवा ब्लनारू होतो. ट्रान्सिल्वेनिया या डोंगरांपलीकडच्या प्रांतात तोच सूच्यू होतो, कारण हंगेरियनमध्ये त्या कारागिराला ‘स्यूच’ म्हणतात. तिथल्या सबऊ आडनावामागेही हंगेरियन ‘साबो’, म्हणजे शिंपी, उभा आहे. उत्तरेला कुश्नीर भेटतो. हा शब्द जर्मनमधून निघून पोलिश-युक्रेनियनमार्गे आला. बुटांचंही तसंच. मोल्दावियात बूट शिवणारा चुबोतारू, इतरत्र चिझ्मारू. एखाद्या बुखारेस्टवासीयाचं आडनाव चुबोतारू असेल, तर त्याचे पूर्वज पूर्वेकडून आले असावेत असा अंदाज बांधायला हरकत नाही.

बुखारेस्टच्या जुन्या भागात ब्लनारी, शेलारी, कोवाच या गल्ल्या आजही आहेत: कातडीवाल्यांची, जीनगरांची आणि लोहारांची. तुर्की छायेत गेलेल्या शतकांनी रंगाऱ्याला बोयांजियू हे नाव दिलं. त्यातला ‘जियू’ म्हणजे तुर्की ‘जी’, आणि आपल्या मशालची, तोफचीतला ‘ची’ही तोच.

रोमानियात १८९५ च्या कायद्याने आडनावं कायमची ठरली. तोवर बापाच्या नावावरून, गावावरून, धंद्यावरून हाक बदलत असे. नाव गोठलं, धंदे मात्र बदलत राहिले. १९६५ ते १९८९ रोमानियावर हुकूमत गाजवणारा निकोलाय चाउशेस्कू हे ठळक उदाहरण. ‘चाउश’ हा तुर्की लष्करातला आणि दरबारातला हुद्दा, आणि ‘एस्कू’ म्हणजे ‘त्याच्या घराण्यातला’. (निजामाच्या फौजेतल्या अरबांमुळे मराठवाड्यात रुजलेलं चाऊस हे आडनावही याच हुद्द्याचं.) हा चाउशेस्कू शेतकऱ्याच्या घरात जन्मला आणि लहानपणी बुखारेस्टला येऊन चांभाराकडे उमेदवारी करू लागला. नावात हुद्दा आणि हातात चिझ्मारूचं काम.

१८१२ मध्ये रशियाने बेसारेबिया, म्हणजे मोल्दावियाचा पूर्व भाग, ताब्यात घेतला. तिथल्या कागदपत्रांत रशियन कारकुनांनी ही नावं आपल्या कानाला लागतील तशी लिहिली आणि अनेकांच्या शेवटचा ‘ऊ’ गळाला. चोबानूचा (मेंढपाळ) चेबान झाला, रोतारूचा रोतार. १९१० मध्ये किशिनाऊत (आजच्या मोल्दोवाची राजधानी) जन्मलेली आणि पुढे जर्मनी-ऑस्ट्रियाची ऑपेरागृहं गाजवणारी मारिया चेबोतारी हिचं आडनाव म्हणजे बूट शिवणारा चुबोतारूच.