डूममधली दारे वरच का उघडतात?

दिवाळीच्या सुट्टीत ऐरोलीहून आलेली माझी भाची लॅपटॉपवर 'डूम' हा जुना व्हिडिओ गेम खेळत बसली होती. तिसरे दार उघडल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मामा, इथली सगळी दारं दुकानाच्या शटरसारखी वर का जातात? एकही दार आपल्या घरातल्यासारखं उघडत नाही."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी हा खेळ कित्येक संध्याकाळी खेळलो आहे, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आमचे सर रात्री क्लासचे शटर अर्धे खाली ओढून आम्हाला आणखी अर्धा तास बसू देत आणि आम्ही त्याखालून वाकून घरी जात असू. त्यामुळे वर सरकणाऱ्या दारात वावगे काही वाटण्याचे कारणच नव्हते. प्रश्न मात्र अचूक होता, कारण त्याचे उत्तर शोधताना या खेळाच्या ज्या रचनेची आठवण माझ्या पिढीतले लोक अजून काढतात, तिचे जवळजवळ सारे मर्म हाती लागते.

इड सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीने डूम प्रसिद्ध केला तो डिसेंबर १९९३ मध्ये. त्याविषयी एक विधान हमखास ऐकू येते, की तो खरा त्रिमितीय नव्हता, नुसती फसवणूक होती. हे विधान अर्धेच खरे आहे. खेळताना टॅबची कळ दाबली की वरून पाहिलेला नकाशा दिसतो: काळ्या पडद्यावर लाल, तपकिरी आणि पिवळ्या रेषा. भक्कम भिंत लाल, जमिनीची उंची जिथे बदलते ती रेषा तपकिरी आणि छताची उंची बदलते ती पिवळी. यंत्राच्या दृष्टीने जग म्हणजे हा सपाट नकाशाच होता. रेषांनी वेढलेल्या प्रत्येक क्षेत्राला जमिनीची उंची, छताची उंची आणि उजेडाची पातळी असे तीन आकडे जोडलेले असत. त्यामुळे नकाशावरच्या एका बिंदूला एकच जमीन आणि एकच छत मिळे. ठाणे स्टेशनबाहेरचा सॅटिस पूल, ज्यावर बस धावतात आणि ज्याच्या खाली रिक्षा उभ्या असतात, तो डूममध्ये बांधताच आला नसता.

आता खरी अडचण पाहू. पडद्यावर ३२० गुणिले २००, म्हणजे ६४,००० ठिपके, आणि खेळाचे घड्याळ सेकंदाला ३५ टोले देणारे. प्रत्येक चित्रात कोणती भिंत कोणत्या भिंतीला झाकते हे ठरवायचे, तेही ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरवर आणि ४ एमबी मेमरीत. याच कंपनीच्या १९९२ सालच्या 'वुल्फेन्स्टाइन'मध्ये हा प्रश्न सोपा होता, कारण तिथला नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा चौकटींचा होता, सर्व भिंती काटकोनात आणि एकाच उंचीच्या होत्या. डूममध्ये भिंती हव्या त्या कोनात हव्या होत्या, पायऱ्या आणि खिडक्याही हव्या होत्या. प्रत्येक भिंत दुसऱ्या प्रत्येक भिंतीशी ताडून पाहायची म्हटले तर बिचारा प्रोसेसर पहिल्याच खोलीत दमला असता.

इड सॉफ्टवेअरचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी यासाठी जी युक्ती वापरली ती त्यांची स्वतःची नव्हती. तिचे मूळ विमान उड्डाणाच्या प्रशिक्षण यंत्रांसाठी १९६९ साली झालेल्या कामात आहे आणि तिला नेटके रूप दिले ते १९८० साली हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर यांनी. तिचे नाव बायनरी स्पेस पार्टिशन (बीएसपी), म्हणजे जागेचे पुन्हापुन्हा दोन भाग करत जाणे.

ही युक्ती ठाणेकराला समजायला सर्वांत सोपी आहे, कारण रेल्वेच्या रुळांनी आपल्या शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग आधीच केलेले आहेत. रूळ सरळ रेषेत धावतात असे क्षणभर मानू. मी तलावपाळीवर, म्हणजे पश्चिमेला, उभा आहे आणि गडकरी रंगायतनकडे पाहतो आहे. कोपरीतली, म्हणजे पूर्वेची, एखादी इमारत मध्ये येऊन रंगायतन झाकू शकेल काय? कधीच नाही. मी आणि रंगायतन दोघेही रुळांच्या एकाच बाजूला असल्यामुळे आमच्यामधली दृष्टिरेषा रूळ ओलांडतच नाही. पश्चिमेची इमारत पूर्वेच्या इमारतीला झाकू शकते, पण उलट घडणे अशक्य. म्हणजे एका रेषेने हजारो जोड्यांचा निकाल एका झटक्यात लागला: आधी माझ्या बाजूचे चित्र काढायचे, मग पलीकडचे.

हेच पुढे चालू ठेवायचे. पश्चिमेला गोखले रोडची रेषा लांबवून पुन्हा दोन भाग करायचे, पूर्वेला वेगळी एखादी रेषा घ्यायची, आणि प्रत्येक भागाचे पुन्हा दोन. एखादी भिंत रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरली असेल, जसा द्रुतगती महामार्ग कोपरीच्या पुलावर रूळ ओलांडतो, तर तिचेही दोन तुकडे करून ज्याचे त्याच्या बाजूला टाकायचे. शेवटी प्रत्येक तुकडा बहिर्वक्र होतो, म्हणजे त्याच्या आत कुठूनही कुठेही पाहिले तरी मध्ये स्वतःचीच भिंत येत नाही. तिथे कापाकापी थांबते. या सगळ्या छेदरेषांची वंशावळ, म्हणजेच बीएसपी वृक्ष, नकाशा तयार होतानाच एकदा बनवून फाइलमध्ये साठवली जाई. त्यासाठी किती वेळ लागतो याची खेळणाऱ्याला झळ बसत नसे.

खेळताना उरते ते काम विलक्षण स्वस्त. वृक्षाच्या मुळाशी असलेल्या रेषेला विचारायचे, की खेळाडू तुझ्या कोणत्या बाजूला आहे? त्यासाठी दोन गुणाकार आणि एक तुलना पुरते. उत्तर मिळाले की जवळच्या फांदीत आधी शिरायचे, लांबच्या फांदीत नंतर. मूळ पद्धतीत लांबून जवळ येत, रंगाऱ्यासारखे एकावर एक थर देत चित्र काढले जाई. डूमने क्रम उलटवला आणि जवळची भिंत आधी काढली. पडद्याचे ३२० उभे स्तंभ. भक्कम भिंतीने जे स्तंभ भरले त्यांची नोंद ठेवायची. एखाद्या फांदीतले सारे काही आधीच भरलेल्या स्तंभांमागे जात असेल तर ती फांदी न उघडता टाकून द्यायची. आणि सगळे स्तंभ भरले की उरलेल्या अख्ख्या नकाशाकडे ढुंकूनही पाहायचे नाही. खिडकी किंवा पायरी आली तर स्तंभ अर्धवट भरतो, म्हणून प्रत्येक स्तंभासाठी वरून कुठपर्यंत आणि खालून कुठपर्यंत रंग लागला आहे असे दोन आकडे ठेवायचे आणि पुढची भिंत त्या फटीपुरतीच काढायची.

हा हिशोब इतका चोख होता, की नवे चित्र काढण्यापूर्वी जुने पुसण्याची तसदी खेळ घेतच नसे. भिंतीतून आरपार जाण्याचा चीटकोड टाइप करून आम्ही नकाशाबाहेर पडायचो तेव्हा पडद्यावर जुन्या चित्रांची शेपटे एकमेकांवर ओघळत. आम्हाला ते भुताटकीचे वाटे. ते होते फक्त न पुसलेले ठिपके.

डूममध्ये मान वर करून पाहता येत नाही, तेही याच काटकसरीपोटी. मान सरळ असली की भिंतीच्या एका उभ्या स्तंभातले सगळे ठिपके सारख्याच अंतरावर असतात, म्हणून अंतराचा महागडा भागाकार स्तंभागणिक एकदाच करावा लागतो. जमिनीच्या आडव्या ओळींनाही हाच न्याय. मान तिरकी झाली की दोन्ही सवलती जातात.

आता भाचीचे दार. वृक्ष रेषांच्या जागांवरून बनतो आणि आधीच बनून ठेवलेला असतो. दार बिजागरीवर फिरले किंवा बाजूला सरकले तर रेषा हलेल, रेषा हलली की तिच्या आधाराने केलेली कापाकापी खोटी ठरेल आणि वृक्ष नव्याने बांधावा लागेल, जे ४८६ ला खेळता खेळता झेपणारे नव्हते. पण उंचीचा वृक्षाशी काहीच संबंध नाही. छताचा आकडा हवा तेव्हा बदला, एकही रेषा जागची हलत नाही. म्हणून डूममधले दार म्हणजे जमिनीपर्यंत खाली आणलेले छत असलेली एक अरुंद खोली, आणि दार उघडणे म्हणजे तो एक आकडा वाढवत नेणे. लिफ्ट म्हणजे जमिनीचा आकडा. अंगावर येणारे चिरडणारे छत, तेही तेच. घोडबंदर रोडवरच्या घरांच्या जाहिरातींत मुख्य दार कोणत्या दिशेला आहे यावरून कुटुंबाचे भाग्य सांगितले जाते. त्यांना दिशेचे कारण विचारले तर शास्त्राचे नाव पुढे येते, हिशोब येत नाही. इथे दाराच्या दिशेला निदान दोन गुणाकारांचे कारण आहे.

रचनाकारांनी या अटींनाच कामाला लावले. रेषा हलत नाहीत, पण उंची आणि उजेड फुकट आहेत, तर मग त्यांचीच उधळण करा. जॉन रोमेरो यांनी स्वतःसाठी घालून घेतलेल्या नियमांत जमिनीचे रूप बदलेल तिथे उंचीही बदलावी, उजेड आणि अंधार, कोंदट आणि मोकळे यांचा विरोध सतत साधावा, त्याच जागी खेळाडूला पुन्हापुन्हा आणावे, आणि बाहेरची जागा दिसत असेल तर तिथे जाण्याची वाट कुठेतरी असावीच, असे सांगितले आहे. त्यांची पहिली लेव्हल 'हँगर' आठवून पाहा. सुरुवातीच्या दालनातून खिडकीपलीकडचे उघडे अंगण दिसते, अंगणात निळे चिलखत दिसते, पण दार नाही. पुढे हिरव्या विषारी द्रवावरची नागमोडी वाट पार करून लेव्हल संपते तरी ते चिलखत डोक्यातून जात नाही, आणि गुप्त वाट सापडेपर्यंत भिंतीन्‌भिंत चाचपली जाते. वरच्या मजल्याची सोय नसल्यामुळे सगळी गुपिते याच पातळीवर, भिंतीपल्याड, हाताशी दडवावी लागली. रचना इतकी लक्षात राहण्याचे कारण मला इथे दिसते.

आजकाल हा खेळ कशावरही चालतो अशा बातम्या येतात, आणि १९९७ साली त्याचा सोर्स कोड खुला झाल्यामुळे त्यांतल्या पुष्कळ खऱ्याही आहेत. पण गर्भचाचणीच्या किटवर डूम चालल्याची २०२० सालची बातमी वाचून हुरळून जाऊ नये. त्यात आतला प्रोसेसर आणि पडदा दोन्ही बदललेले होते, किटचे उरले होते ते फक्त प्लॅस्टिकचे कवच.

बिजागरीवर फिरणारे दार १९९५ साली 'हेक्सेन'मध्ये आले, डूमच्याच सुधारलेल्या इंजिनावर, पण त्यालाही अट होती. दाराचा सारा प्रवास एकाच बहिर्वक्र तुकड्याच्या आत उरकावा लागे, नाहीतर चित्र बिघडे. भाचीला मी ते दार दाखवले. तिने ते दोनदा उघडून पाहिले आणि ती पुन्हा डूमकडे वळली, कारण अंगणातले निळे चिलखत अजून तिच्या हाती लागले नव्हते.