आकड्याआधी रकाना: सरकारी मोजणीची पार्श्वभूमी

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये दर आठवड्याला मेलेल्यांची यादी छापून विकली जायची. प्लेग वाढतोय का, हे तिच्यावरून कळायचं आणि ऐपत असलेली माणसं वेळेत शहराबाहेर पडायची. मृत्यूचं कारण ठरवायला डॉक्टर नसत. चर्चच्या हद्दीनुसार नेमलेल्या, बहुधा वृद्ध आणि गरीब, बायका घरोघरी जाऊन प्रेत पाहत आणि त्या सांगतील ते कारण यादीत चढे. जॉन ग्रॉन्ट नावाच्या व्यापाऱ्याने अशा अनेक वर्षांच्या याद्या एकत्र मांडल्या आणि १६६२ साली त्यांवर एक छोटं पुस्तक काढलं. जन्मणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्त असतात, शहरात जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात, तरीही शहर वाढतंय म्हणजे खेड्यांतून माणसं येत आहेत, हे सगळं त्याने या याद्यांमधून काढलं. एक गोष्ट मात्र यादीत नव्हती, ती त्याने ओळखली. गुप्तरोगाने मेलेले इतके कमी कसे? कारण तपासणाऱ्या बाईच्या हातावर चार पैसे आणि समोर बिअरचा पेला ठेवला की कारण बदलत असे.

सरकारी आकडेवारीकडे कसं पाहावं याचा बराचसा धडा ग्रॉन्टने तिथेच देऊन ठेवला आहे. लोक कसे जगतात हे कळावं म्हणून या नोंदी सुरू झाल्या नव्हत्या. कर किती बसवता येईल, सैन्यात किती तरुण मिळतील, साथ कुठवर आली, हे सत्तेला हवं होतं. रोजचं जगणं त्यात आलं ते मागच्या दाराने.

स्वीडनने १७४९ पासून सबंध देशाची नियमित मोजणी सुरू केली. पाद्री लोकांकडे कुटुंबवार वह्या आधीपासूनच होत्या, त्यांच्यावरच तक्ते भरायचं काम टाकलं. हाती आलेली लोकसंख्या अपेक्षेपेक्षा इतकी कमी निघाली की सुरुवातीला आकडे गुप्त ठेवले गेले, शेजाऱ्यांना आपला अशक्तपणा कळू नये म्हणून. त्याच सुमारास, १७५३ मध्ये, ब्रिटनच्या संसदेत जनगणनेचं विधेयक आलं, तेव्हा हा स्वातंत्र्यावर घाला आहे असं सांगून काही सदस्यांनी त्याला कडाडून विरोध केला. विधेयक बारगळलं. तिथली पहिली जनगणना व्हायला १८०१ उजाडावं लागलं.

एकोणिसाव्या शतकात तक्ते वाढत गेले आणि खरा प्रश्न पुढे आला: कोणाला कोणत्या रकान्यात बसवायचं? अमेरिकेत १८५० मध्ये पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव नोंदलं गेलं. गुलामांसाठी वेगळा कागद होता. त्यात मालकाचं नाव, पुढे गुलामाचं वय, लिंग, वर्ण; गुलामाचं स्वतःचं नाव नाही. त्या समाजाबद्दल त्या कागदावरची बेरीज जेवढं सांगते त्याहून जास्त त्याचा आराखडा सांगतो.

स्वतःचं घर सांभाळणाऱ्या बाईचं उदाहरण कमी क्रूर आहे, पण जास्त दूरवर पोचलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटिश जनगणनेच्या अहवालांत घर सांभाळणाऱ्या बायकांना व्यवसायांच्या यादीत स्वतःचा वर्ग होता. १८८१ मध्ये त्यांना उचलून ‘बिनव्यवसाय’ गटात टाकलं. बाई तीच, चूल तीच, दिवसाचे तासही तेवढेच. कामकरी स्त्रियांच्या जुन्या आलेखात अशा जागी एकदम उतार दिसला तर समाजात काय घडलं हे शोधण्याआधी कार्यालयात काय घडलं ते पाहावं. पुढे राष्ट्रीय उत्पन्न मोजायची वेळ आली तेव्हा हेच वळण कायम राहिलं. अर्थतज्ज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये दाखवून दिलं होतं की एखाद्याने पगारी मोलकरणीशी लग्न केलं तर देशाचं उत्पन्न कागदावर घटतं, कारण तेच काम बिनपगारी झालं की हिशोबातून गळतं. विनोद म्हणून हे वाक्य शंभर वर्षं फिरतंय. हिशोब मात्र मूळ मुद्द्यावर तसाच आहे.

ब्रिटनमध्येच १९११ साली काही बायकांनी मोजणीलाच नकार दिला. मत नाही तर मोजणीही नाही, अशी मताधिकार चळवळीतल्या काहींची भूमिका होती. त्यांच्यातली एमिली डेव्हिसन तर मोजणीच्या रात्री संसदेच्या इमारतीतल्या एका कपाटात लपून बसली. गंमत अशी की त्याच अर्जात सरकारने बायकांबद्दल फार मोलाचा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता: लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, त्यांतली जिवंत किती, गेली किती. घराघरांत कुटुंब लहान होत चाललं होतं, पण त्याबद्दल उघड बोलायची पद्धत नव्हती. कोणत्या थरात कुटुंब किती आकसलं आणि कुठल्या थरात मुलं जास्त दगावतात, हे या चार आकड्यांनी उघड केलं.

माझ्या मते रोजच्या जगण्याचा सर्वांत रसाळ सरकारी दस्तऐवज जनगणना नाहीच. तो आहे महागाई मोजायला धरलेली वस्तूंची यादी. तिची मुळं गरिबांच्या खर्चाच्या नोंदींमध्ये आहेत. सॅक्सनी या जर्मन राज्याचे सांख्यिकी प्रमुख एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे हिशोब तपासले आणि मांडलं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला मोठा वाटा पोटावर जातो. हा नियम आजही टिकून आहे. पण यादी जुनी झाली की काय होतं, ते ब्रिटनमध्ये दिसलं. १९१४ पासूनचा तिथला राहणीमान-खर्चाचा निर्देशांक १९०४ च्या कामगार कुटुंबांच्या खर्चावर बेतलेला होता. त्यात अन्नाला ६० टक्के वजन होतं, म्हणजे एकूण खर्चातला ६० टक्के वाटा अन्नावर जातो असं धरलेलं. उजेडासाठी मेणबत्त्या आणि दिव्याचं तेल धरलेलं, वीज नाही. कितीतरी पगार या निर्देशांकाला बांधलेले होते आणि ही यादी थेट १९४७ पर्यंत चालली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने याचा फायदाही घेतला: यादीतल्या वस्तूंना अनुदान द्यायचं, म्हणजे निर्देशांक जागचा हलत नाही. नवी यादी आली तेव्हा अन्नाचं वजन ३५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. एवढा बदल एका वर्षात झालेला नव्हता. तो चाळीस वर्षांत हळूहळू झाला आणि कागदावर एका दिवसात उतरला.

पुढे तिथे यादी दरवर्षी बदलू लागली. २०२१ मध्ये हात निर्जंतुक करायचं जेल आत आलं, कचेरीच्या उपाहारगृहातलं सँडविच बाहेर गेलं. २०२४ मध्ये ते जेल पुन्हा बाहेर पडलं आणि १९९२ नंतर गायब झालेल्या गाण्यांच्या तबकड्या परत आल्या. महासाथीवर पुढे लिहिल्या जाणाऱ्या इतिहासाला हे दोन कागद पुरेसे बोलके आहेत.

सगळ्याच सत्तांना असा आरसा सोसत नाही. सोव्हिएत संघात १९३७ ची जनगणना झाली आणि लोकसंख्या निघाली सुमारे १६ कोटी २० लाख, म्हणजे स्टालिनने जाहीरपणे सांगितलेल्या आकड्यांना खोटं ठरवणारी. दुष्काळात आणि दडपशाहीत गेलेली माणसं बेरजेतून डोकावत होती. शिवाय धर्माचा प्रश्न होता, आणि वीस वर्षांच्या निरीश्वरवादी प्रचारानंतरही उत्तर देणाऱ्या प्रौढांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपण आस्तिक असल्याचं सरकारी माणसासमोर सांगितलं. जनगणना रद्द झाली. ती घेणारे अधिकारी पकडले गेले, काहींना गोळ्या घालण्यात आल्या. १९३९ मध्ये नवी मोजणी झाली, तिच्यात १७ कोटी माणसं भरली आणि धर्माचा प्रश्न नव्हता.

उलट्या दिशेचाही इतिहास आहे. चोख नोंदी वाईट हातांत पडल्या तर काय होतं, हे नेदरलँड्सने जर्मन ताब्यात असताना भोगलं. तिथल्या नोंदवह्यांत धर्म लिहिलेला होता, म्हणून ज्यूंना शोधणं सोपं गेलं. मार्च १९४३ मध्ये प्रतिकार गटाने ॲमस्टरडॅमचं नोंदणी कार्यालयच पेटवलं. चार दशकांनी पश्चिम जर्मनीत लोकांनी जनगणनेवर बहिष्काराची हाक दिली. १९८३ च्या अखेरीस घटनात्मक न्यायालयाने आपल्या माहितीवर माणसाचाच हक्क असल्याचा निकाल दिला. मोजणी शेवटी १९८७ मध्ये झाली.

तोवर समाज बराच पुढे गेला होता आणि रकाने धापा टाकत मागून येत होते. अमेरिकेने ‘कुटुंबप्रमुख’ हा शब्द १९८० च्या जनगणनेत सोडला. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदारासाठी पर्याय दिला १९९० मध्ये. अशी घरं त्या वर्षी निर्माण झाली नव्हती, हे सांगायला नको. ‘अमुक प्रकारची कुटुंबं अचानक वाढली’ अशी बातमी वाचताना त्या वर्षी अर्जात काय बदललं हे शोधलं तर निम्म्या वेळा बातमी तिथेच संपेल.

आता तर विचारणंच कमी होत चाललंय. डेन्मार्कने १९८१ मध्ये कोणाचंही दार न ठोठावता, केवळ सरकारी नोंदवह्या जोडून जनगणना केली. नंतर इतर देशही त्या वाटेने गेले. दुसरीकडे लोक उत्तरं देईनासे झालेत. २०२३ मध्ये ब्रिटनच्या रोजगार पाहणीला इतका कमी प्रतिसाद मिळाला की ऑक्टोबरमध्ये तिचे नेहमीचे आकडे काही काळ थांबवावे लागले. नोंदवही स्वस्त पडते आणि कंटाळत नाही. पत्ता, पगार, लग्न, मूल एवढं तिला ठाऊक असतं. आजारी सासूचं कोण करतं, रात्री मुलाला कोण झोपवतं, दोघांपैकी कोणी नोकरी सोडली आणि का, हे मात्र कोणीतरी समोर बसून विचारल्याशिवाय तिच्यात येत नाही.