यर्ट

यर्ट : मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील भटक्या पशुपालकांचे वर्तुळाकार, सुटे करून जनावरांवर लादून नेता येणारे घर. लाकडी पट्ट्यांची घडीची जाळी ही त्याची भिंत. जाळीवर टेकलेले वासे, त्या वाशांना माथ्यावर धरून ठेवणारे लाकडी कडे आणि या सांगाड्यावर लोकरीच्या नमद्याचे (न विणता दाबून घट्ट केलेल्या जाड कापडाचे) आच्छादन अशी त्याची रचना असते. मंगोल लोक त्याला गेर, कझाक किईझ उय व किरगीझ बोझ उय म्हणतात. यर्ट हे नाव रशियन भाषेतून यूरोपात व तेथून इतरत्र रूढ झाले. मंगोलिया, कझाकस्तान, किरगिझस्तान, चीनमधील शिंजियांग व अंतर्मंगोलिया आणि अफगाणिस्तानातील पामीरचा पट्टा ही त्याची आजची मुख्य क्षेत्रे होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पर्यटकांच्या मुक्कामाची सोय म्हणून त्याचा मूळ प्रदेशाबाहेरही, विशेषतः उत्तर अमेरिकेतील उद्यानांत, प्रसार झाला आहे.

प्रत्येक गोल किंवा नमद्याने झाकलेला तंबू यर्ट ठरत नाही. अरबस्तानापासून तिबेटपर्यंत आढळणाऱ्या ‘काळ्या तंबू’त केसांच्या विणलेल्या कापडाला दोरांनी ताण देतात आणि त्या ताणावरच तंबू उभा राहतो; कापड काढले की तंबू राहत नाही. यर्टचा सांगाडा मात्र आच्छादनाविना स्वतःच्या बळावर उभा असतो. नमदा ऊब देतो, भार पेलत नाही. म्हणून घडीची जाळीदार भिंत हीच यर्टची ओळख मानणे सयुक्तिक ठरते. प्रस्तुत नोंदीत तीच कसोटी वापरली आहे. उगमाच्या वादातही तिचा उपयोग होतो.

रचना : जाळीसाठी वाळुंजाच्या (विलो) सरळ, लवचिक काठ्या वापरतात. त्या दोन थरांत एकमेकींना तिरक्या छेद देत ठेवून छेदाच्या जागी भोके पाडतात आणि त्यांतून कच्च्या कातड्याची वादी ओवून गाठ मारतात. ओली वादी वाळताना आवळते. गाठ घट्ट बसते, तरीही सांधा फिरता राहतो. त्यामुळे जुन्या लिफ्टच्या सरकत्या दरवाज्याप्रमाणे जाळीची घडी मिटते आणि उघडते. अशा चार ते सहा जाळ्या वर्तुळात उभ्या करून एकमेकींना आणि दाराच्या चौकटीला बांधतात. मंगोल गेरचा आकार जाळ्यांच्या संख्येवरूनच सांगतात. सामान्य कुटुंबाचे गेर बहुधा पाच जाळ्यांचे असते.

वाशाचे खालचे टोक जाळीच्या वरच्या दुबेळक्यात बांधतात व वरचे टोक कड्याच्या भोकात खोवतात. छपराचा भार वाशांतून उतरताना भिंतीला बाहेर रेटतो. हा रेटा जाळीभोवती आवळलेले पट्टे व दोर सहन करतात, तर माथ्याचे कडे सर्व बाजूंनी दाबले जाऊन जागच्या जागी राहते. पट्टा सैल पडला की जाळी पसरते आणि छप्पर बसू लागते, म्हणून उभारणीत हा पट्टा बांधण्याचे काम जाणत्याकडे असते. जाळी ओढून पसरली की घर रुंद व बुटके होते. मिटवत आणली की अरुंद, उंच होऊन छपराचा उतार वाढतो. पावसापाण्याच्या दिवसांत हा वाढीव उतार उपयोगी पडतो.

मंगोल आणि तुर्की वंशाच्या जमातींचे यर्ट यांत स्पष्ट फरक आहे. मंगोल गेरचे वासे सरळ, कडे जड आणि त्याला आतून दोन खांबांचा टेकू असतो; छप्पर बसक्या शंकूसारखे दिसते. कझाक व किरगीझ यर्टमध्ये वाशाचे खालचे टोक वाफेवर वाकवलेले असते. त्यामुळे छप्पर घुमटासारखे फुगते. त्यांचे कडे हलके असते व त्याला खांब लागत नाही. किरगीझ कड्याला तुंदुक म्हणतात. १९९२ मध्ये स्वीकारलेल्या किरगिझस्तानच्या राष्ट्रध्वजावर सूर्याच्या मध्यभागी तेच दाखवलेले आहे. कझाकस्तानच्या राजचिन्हातही हे कडे (शानिराक) आहे. प्रकाश आणि धूर या दोहोंची वाट कड्यातूनच असते. त्यावर नमद्याचा एक चौकोनी तुकडा टाकलेला असून दोराने ओढून तो खालूनच उघडता-मिटता येतो. किरगीझ यर्टमध्ये जाळी आणि नमदा यांच्या दरम्यान चिय गवताच्या काड्यांची चटई असते. प्रत्येक काडीला रंगीत लोकर गुंडाळून नक्षी साधलेली असते. उन्हाळ्यात खालचा नमदा वर उचलला की हीच चटई वारा आत घेते आणि धूळ बाहेर ठेवते.

नमदा विणत नाहीत, दाबून घट्ट करतात; महाराष्ट्रातील बुरणूस याच तंत्राने तयार होतो. मंगोलियात छड्यांनी झोडपून मोकळी केलेली लोकर एका जुन्या नमद्यावर थरांनी अंथरतात, पाणी शिंपडतात आणि सगळे एका दांड्याभोवती गुंडाळून, वर कातडे बांधून घोड्यामागे माळावर ओढत नेतात. खालच्या जुन्या नमद्याला ‘आई-नमदा’ म्हणतात. मंगोल गेरच्या कारागिरीचा यूनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २०१३ मध्ये, तर किरगीझ व कझाक यर्टच्या कारागिरीचा २०१४ मध्ये समावेश झाला. इसिक-कुल सरोवराच्या दक्षिणेकडील किझिल-तू हे गाव यर्ट घडवणाऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते.

उगम : यर्टच्या प्राचीनतेविषयी मतैक्य नाही. लाकूड, वादी आणि लोकर ही तिन्ही द्रव्ये नाशवंत असल्याने प्रत्यक्ष अवशेष विरळ आहेत, आणि सारा वाद चित्रे व वर्णने यांच्या अर्थावर चालतो.

सर्वांत जुना म्हणून नेहमी दिला जाणारा दाखला ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसचा (इ. स. पू. पाचवे शतक) आहे. अंत्यविधीनंतर सिथियन लोक (काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील भटके) तीन काठ्या एकमेकींवर टेकवून त्यांवर लोकरीचा नमदा ओढतात आणि आत तापल्या दगडांवर भांगेचे बी टाकून त्याची वाफ घेतात, असे त्याने लिहिले आहे. आर्गिपाय नावाचे लोक हिवाळ्यात झाडालाच पांढऱ्या नमद्याने झाकून त्याखाली राहतात, असेही तो सांगतो. नमद्याच्या आच्छादनाची चाल त्या काळी होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. तीन टेकवलेल्या काठ्या म्हणजे जाळी नव्हे. अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथील थडग्यांत उत्कृष्ट नमदे मिळाले. जाळीदार भिंत मात्र मिळाली नाही.

दुसरा दाखला इराणमधला आहे. बेहबहानजवळ अर्जान येथे १९८२ मध्ये उघडकीस आलेल्या एका ईलामी थडग्यातील कांस्य वाडग्यावर (सु. इ. स. पू. ६००) एक घुमटी तंबू कोरलेला असून त्यात वाकवलेल्या वाशांचा सांगाडा दिसतो, या आधारे पुरातत्त्वज्ञ डेव्हिड स्ट्रोनॅक यांनी यर्टची परंपरा बरीच मागे नेली. येनिसे खोऱ्यातील बोयार येथील शैलचित्रांतही लाकडी ओंडक्यांच्या घरांशेजारी घुमटी आकार आहेत. त्यांचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांत धरतात, पण शैलचित्रांचे कालनिर्णय सैलच असतात. शिवाय या दोन्ही ठिकाणी बाह्याकार दिसतो. भिंत मिटत होती की घुमटच उचलून गाड्यावर ठेवत होते, हे चित्रावरून ठरत नाही.

लेखी पुराव्यात दक्षिण छी राजवंशाच्या चिनी इतिहासातील एक उल्लेख अधिक बोलका आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीस उत्तर वेई राजाच्या तळावर दोरांनी एकमेकांत गुंफलेल्या लाकडी काठ्यांचा, निळ्या रेशमाने झाकलेला, शंभर माणसे बसतील एवढा गोल मंडप होता, असे त्यात म्हटले आहे. शीआन येथे सापडलेल्या आन जिया या सोग्दियन अधिकाऱ्याच्या थडग्यातील (५७९) रंगवलेल्या शिल्पपटांवर तुर्की सरदार घुमटी तंबूंत बसलेले दिसतात. ह्युएनत्संगाची सुयाबजवळ पश्चिमी तुर्कांच्या खानाशी भेट झाली (सु. ६३०, काहींच्या मते ६२८). खानाचा मोठा तंबू सोन्याच्या फुलांनी मढवलेला होता, असे त्याचे चरित्र सांगते. सेव्यान व्हाइन्श्टाइन आणि पीटर अँड्र्यूज या दोघा अभ्यासकांनी वेगवेगळ्या वाटांनी साधारण एकच निष्कर्ष काढला आहे : घडीच्या जाळीचा यर्ट पहिल्या सहस्रकाच्या मध्यास, तुर्की भटक्यांमध्ये पूर्णत्वास गेला. उपलब्ध पुरावा पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्याआधीचे घुमटी तंबू हे यर्टचे पूर्वज असू शकतील. त्यांना यर्ट म्हणणे घाईचे ठरेल.

यर्ट हौसेने उभारून राहण्याची प्रथाही याच काळातली आहे, याची दखल पर्यटनविषयक लेखनात क्वचितच घेतली जाते. थांग सम्राट थाय-त्सुंग याचा मुलगा युवराज ली छंग-छ्येन राजवाड्यात तुर्की तंबू ठोकून राहत असे. कवी बाय ज्यू-यी (७७२–८४६) याने ल्वोयांगमधील आपल्या घराच्या अंगणात निळा नमद्याचा तंबू उभारला होता. हजार मेंढ्यांची लोकर आणि सरहद्दीवरच्या वाळुंजाचा सांगाडा असे त्याचे वर्णन त्याच्या कवितेत येते. हिवाळ्यात तो त्यातच मित्रांचे स्वागत करी. शहरी माणसाने गरजेपोटी नव्हे तर आवडीने यर्टमध्ये मुक्काम केल्याचा हा इतका तपशीलवार दाखला अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे.

मंगोल काळ : प्लानो कार्पिनी (१२४५–४७) आणि विल्यम ऑफ रुब्रक (१२५३–५५) या ख्रिस्ती साधूंची वर्णने सर्वांत मोलाची आहेत. काही घरे सुटी करून जनावरांवर लादतात आणि काही न मोडता गाड्यावरून नेतात, असे कार्पिनी स्पष्ट सांगतो. रुब्रकने एका गाड्याच्या चाकांच्या खुणांमधील अंतर मोजले, ते वीस फूट भरले. एक घर ओढणारे बैलही त्याने मोजले. ते बावीस होते, अकरा-अकरांच्या दोन रांगांत जुंपलेले. नमदा शुभ्र दिसावा म्हणून त्यावर चुना, पांढरी माती किंवा हाडांची पूड लावत. अरब प्रवासी इब्न बतूताने चौदाव्या शतकात किपचाक प्रदेशात (काळा व कॅस्पियन समुद्रांच्या उत्तरेकडील गवताळ पट्ट्यात) गाड्यावरचे, कातड्याच्या बारीक पट्ट्यांनी बांधलेल्या लाकडी पट्ट्यांचे तंबू पाहिले. गाड्यावरचा प्रकार पुढे लोप पावला. सुटा होणारा तेवढा टिकला.

रीती : मंगोल गेरचे दार दक्षिणेकडे असते; प्राचीन तुर्क ते पूर्वेकडे ठेवत. दारासमोरची उत्तरेची जागा मानाची, पश्चिमेची बाजू पुरुषांची व पाहुण्यांची, पूर्वेची स्त्रियांची व स्वयंपाकाची. उंबरठ्यावर पाय देणे निषिद्ध आहे. सरदाराच्या तंबूच्या उंबरठ्यावर पाय पडल्यास देहदंड होई, असे कार्पिनी नोंदवतो. रुब्रकचा सोबती बार्थोलोम्यू मंगोल सम्राट मोंगके खानाला मुजरा करून मागे सरकताना उंबरठ्याला अडखळला, तेव्हा पहारेकऱ्यांनी त्याला जागीच पकडले. परक्याला रीत ठाऊक नव्हती म्हणून शिक्षा टळली, पण खानाच्या निवासात त्याला पुन्हा प्रवेश मिळाला नाही. आजही उंबरठा ओलांडूनच जातात, दोन खांबांमधून जात नाहीत आणि चुलीत केर टाकत नाहीत. दारावर टकटक करण्याची पद्धत नाही. पाहुणा दुरूनच ‘नोखोइ खोर’ (कुत्रा आवरा) अशी हाक देतो.

मुक्कामाची सोय म्हणून : मंगोलियात समाजवादी राजवटीत झूलचिन या सरकारी पर्यटन संस्थेने (स्थापना १९५४) परदेशी पाहुण्यांसाठी गेरचे तळ चालवले. १९९० नंतर खासगी तळ वाढले. तेरेल्ज व गोबीत ते विशेष आढळतात. गेरमध्ये खाटा आणि लोखंडी शेगडी, न्हाणीघर वेगळ्या इमारतीत, हंगाम उन्हाळ्याचा, असा त्यांचा सर्वसाधारण साचा आहे. किरगिझस्तानात सुमारे ३,००० मी. उंचीवरील सोन-कुल सरोवराकाठी उन्हाळी कुरणावर आलेली मेंढपाळ कुटुंबे स्वतःच्या यर्टशेजारी एखाददुसरा यर्ट पाहुण्यांसाठी लावतात. कुरण उठले की पाहुण्यांचा यर्टही उठतो. पर्यटनाच्या सर्व प्रकारांत मूळ परंपरेशी इमान राखणारा हाच प्रकार आहे.

अमेरिकेतील प्रसाराचे श्रेय बिल कॉपर्थवेट (मृत्यू २०१३) यांना दिले जाते. १९६२ मध्ये मंगोलियावरील एक सचित्र लेख पाहून त्यांनी बाहेर झुकलेल्या फळ्यांच्या भिंतीचे लाकडी ‘यर्ट’ रचले. त्यांची प्रेरणा यर्टची असली तरी त्या घरांना जाळी नाही, म्हणून वरील कसोटीवर ती वेगळी वास्तू ठरते. कापडी यर्टमध्ये मात्र जाळी राहिली. कातड्याच्या वादीऐवजी रिव्हेट, दोराच्या पट्ट्याऐवजी भिंतीच्या माथ्यावरून फिरणारी पोलादी तार, नमद्याऐवजी विनाइलचा थर दिलेले कापड आणि कड्यावर पारदर्शक घुमट असा बदल झाला. ओरेगन राज्याच्या उद्यान खात्याने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात समुद्रकिनाऱ्यावरील तळांवर असे यर्ट बसवले आणि पावसाळी थंडीतही तळ वापरात राहू लागले. लाकडी चौथरा, बंक खाट, वीज आणि हीटर असलेल्या या खोलीत स्वच्छतागृह नसते. ते तळाचे सामाईक असते. कॅनडातील अल्गाँक्विन उद्यानातही यर्ट आहेत. शेतांवरील मुक्कामातही हा प्रकार शिरला आहे. विनाइलमधून बाष्प जात नाही. नमदा ते शोषून बाहेर सोडतो. म्हणून दमट हवेत अशा यर्टच्या आतल्या बाजूस पाणी धरते आणि घुमट उघडा ठेवून हवा खेळती राखावी लागते.

भारत : तैमूरी परंपरेतून जाळीचा तंबू मोगलांबरोबर आला. ऐन-इ-अकबरीतील तंबूंच्या यादीत रावटी, शामियाना यांच्यासोबत एक किंवा दोन दारांचा, घडी होणारा खरगाह आहे. लडाखमधील चांगपांचा रेबो हा याकच्या केसांचा काळा तंबू असून यर्ट नव्हे. धनगरांचे पालही ताणाचेच. पवना धरणाच्या काठावर मुक्कामासाठी लावतात त्या घुमटी तंबूंत वाकणाऱ्या दांड्यांवर कापड ताणलेले असते, त्यांत जाळी नसते. नमदा कोकण-सह्याद्रीच्या पावसात भिजून जड होतो आणि कुजतो. त्यामुळे मूळ स्वरूपातील यर्ट येथे चार महिने उभा ठेवता येत नाही.