स्पेस बार उपसून काढण्यापूर्वी

स्पेस बार एकाच बाजूने दबतो, खाली जाऊन अडकतो किंवा खडखडतो, अशी तक्रार घेऊन जेल रोडवरील आमच्या दुकानात येणाऱ्यांमध्ये सीपीसीटी या मध्य प्रदेशातील संगणक-टायपिंग परीक्षेची तयारी करणारे पुष्कळ असतात, आणि ते साहजिक आहे, कारण टायपिंगचा वेग वाढवताना प्रत्येक शब्दानंतर अंगठा याच बटणावर पडतो. बहुतेक दोष मुळात किरकोळ असतात. दुरुस्ती लांबते ती घरी झालेल्या खटपटीमुळे.

स्पेस दाबताच भाषा बदलत असेल, तर कीबोर्ड बिघडलेला नसून जवळचे विंडोज बटण सोबत दाबले जात आहे. सगळीच बटणे उशिरा उमटत असतील, तर उजवे शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्याने फिल्टर कीज (क्षणभराचा दाब न मोजण्याची विंडोजची सोय) सुरू झाल्या आहेत का, ते सेटिंगमध्ये पाहावे. या दोन्ही गोष्टींसाठी दुकानात येण्याची गरज नाही.

खरा घोळ होतो तो स्क्रू ड्रायव्हर किंवा सुरीचे टोक एका बाजूने घालून बार उचकटल्यामुळे. नेहमीच्या कीबोर्डचा स्पेस बार साध्या बटणाच्या सव्वासहा पट, म्हणजे सुमारे 119 मिलिमीटर लांब असतो, आणि त्याच्याखाली मधोमध एकच स्विच किंवा रबराची टोपी असते. अंगठा टोकाला पडला तरी संपूर्ण बार सरळ खाली जातो, तो खालच्या दोन्ही टोकांना वळवलेल्या पोलादी तारेमुळे. एका बाजूने जोर लावला की ही तार किंचित पिळली जाते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण बार पुन्हा बसवल्यावर त्याचे एक टोक वर राहते. तार सुटी करून काचेवर ठेवावी: दोन्ही पाय काचेला टेकले तर ती सरळ आहे, एक पाय अधांतरी राहिला तर वाकलेली आहे. बार काढायचाच असेल तर कीबोर्डची जोडणी काढून, दोन्ही टोकांना सारखा जोर देत तो हळूहळू वर घ्यावा, आणि खाली तार अडकलेली दिसल्यास ती आकड्यांतून (हुकांतून) सोडवल्याशिवाय बार ओढू नये.

खडखड थांबावी म्हणून काही जण शिलाई मशीनचे तेल सोडतात. ते खाली झिरपते, त्यावर धूळ बसते, आणि मग आम्हाला आधी तेल काढावे लागते. आम्ही तारेच्या टोकांना प्लास्टिकला चालणारे ग्रीस अगदी थोडे लावतो. तुटलेला आकडा झटपट गोंदाने चिकटवून देण्यास आम्ही नकार देतो, कारण गोंद ओघळून हलणारा भागच पक्का होतो. चहा सांडलेला कीबोर्ड आम्ही त्याच दिवशी न देता दुसऱ्या दिवशी परत देतो, याचा काहींना राग येतो. परंतु धुतल्यानंतर आत ओल राहिली, तर तोच कीबोर्ड पुन्हा आमच्याकडेच येणार. अनेक लॅपटॉपांमध्ये कीबोर्ड वरच्या भागाला रिव्हेटने बसवलेला असतो, त्यामुळे आकडे शाबूत नसतील तर खर्च वाढतो, आणि तो आम्ही काम सुरू करण्यापूर्वीच सांगतो.

वेगळ्या रंगाचा किंवा घाटाचा बार हवा असल्यास जुना बार सोबत आणावा, कारण काही कीबोर्डना सहा किंवा सात पट लांबीचा लागतो आणि लांबी जुळली तरी खालच्या दांड्यांची जागा जुळतेच असे नाही. क्यूएमके फर्मवेअर (बटणांची कामे बदलू देणारा, कीबोर्डच्या आतला प्रोग्रॅम) चालणाऱ्या कीबोर्डवर स्पेस टॅप केल्यास जागा सुटावी आणि दाबून धरल्यास दुसरे काम व्हावे, अशी मांडणीही आम्ही करून देतो. लेखनाचे किंवा प्रोग्रॅमिंगचे काम करणाऱ्यांना ती सोयीची पडते. परीक्षार्थींना मात्र आम्ही ती सुचवत नाही, कारण केंद्रावरचा कीबोर्ड साधाच असतो. त्यांच्यासाठी तार सरळ करून बार नीट बसवणे एवढेच काम पुरते, आणि ते झाल्यावर दुकानातच एखादा परिच्छेद टाइप करून पाहावा, मगच पैसे द्यावेत.